चौथ्या मजल्यावरचं कार्पेट

मानपाडा, डोंबिवली पूर्व
सोमवार, ६ जानेवारी २०२५

सुमतीमावशीला संचिताचा नमस्कार.

पोस्टाचं पाकीट बघून दचकू नकोस, घरात सगळे बरे आहेत. फोनवर तुला नीट ऐकू येत नाही, आणि मी ओरडून बोलायला लागले की सासूबाई टीव्हीचा आवाज कमी करतात. मोबाइलवर लिहून पाठवलं तर तुझ्याआधी तुझी सून वाचणार. ही गोष्ट मला फक्त तुला सांगायची आहे.

दिवाळीनंतर मला ठाण्याला वागळे इस्टेटमधल्या एका काचेच्या बिल्डिंगवर सुपरवायझर म्हणून टाकलंय, हे तुला माहितीये. चौथ्या मजल्यावर कॉल सेंटर आहे. दोनशे खुर्च्या, आणि या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत करडं कार्पेट. रोज व्हॅक्यूम मारायचा, आणि रविवारी ऑफिस बंद असतं तेव्हा शॅम्पू लावून पाण्याच्या मशीनने धुवायचं. मी आणि चार बायका. सकाळी नऊला चालू करतो, चारपर्यंत आटपतो.

मावशी, त्या मजल्यावर काहीतरी आहे.

हसू नकोस गं. आत एक मीटिंग रूम आहे. तिच्या दारात, जिथे बाहेरचं कार्पेट संपतं आणि आतलं सुरू होतं, तिथे जमिनीवर ॲल्युमिनियमची पट्टी ठोकलीये. त्या पट्टीच्या आजूबाजूला धुताना पायाला झिणझिण्या येतात. पहिल्यांदा मला वाटलं, पाय आखडला असेल. पण गेल्या रविवारी करिश्मा तिथे गुडघ्यावर बसून डाग घासत होती, ती किंचाळून उठली. ही करिश्मा मोहन्याहून येते, बावीस वर्षांची आहे, माझ्या टीममधली सगळ्यात चटपटीत पोरगी. म्हणाली, "ताई, खालून कोणीतरी सुई टोचली."

बाकीच्या बायका म्हणतात की गेल्या वर्षी त्याच रूममध्ये एक मुलगा मीटिंग चालू असताना खुर्चीतच गेला. हार्ट अटॅक. तेव्हापासून तिथे बाधा आहे म्हणे. काल आले तर दारात लिंबू ठेवलेलं. बिल्डिंगचा इलेक्ट्रिशियन आहे, शिवराम म्हणून, त्याला मी विचारलं. तो खाली बघत म्हणाला, "लाइटचं काही नाही बाई. सगळं बरोबर आहे."

मला गुरुवारपासूनच रविवारची भीती वाटायला लागते. बायकांसमोर हसते, पण त्या दाराशी जायची वेळ आली की काहीतरी निमित्त काढून जिन्यात जाते. तू तीस वर्षं कार्पेटं धुतलीस, मला हे काम तूच शिकवलंस. तुला कधी असं झालेलं का?

तुझी,
संचिता


टिटवाळा
१० जानेवारी २०२५

चि. संचिता हिला आशीर्वाद, आणि एक धपाटासुद्धा.

अगं, सुपरवायझर ना तू? आणि लिंबाला घाबरतेस? पहिलं ते लिंबू उचलून फेक. रस गळला तर डाग पडेल आणि तोही तुम्हालाच काढावा लागेल.

तुझ्या त्या भुताचं नाव मला माहीत आहे. त्याला स्थिर वीज म्हणतात. थंडीचे दिवस, चोवीस तास एसी, हवा कोरडी, आणि कार्पेट नायलॉनचं. त्यावर रबरी चपला घासत चाललं की अंगात वीज साठते आणि धातूला हात लागला की चटका बसतो. नरिमन पॉइंटला मी बँकेत होते तेव्हा आमचे मॅनेजरसाहेब दर हिवाळ्यात फाइलींच्या कपाटाला हात लावून ओरडायचे आणि मग इकडेतिकडे बघायचे, कोणी ऐकलं का म्हणून. त्यातून कोणी मेलं नाही, फक्त साहेबांची अब्रू गेली.

उपाय सोपा आहे. बायकांना रबरी चपला काढायला लाव. अनवाणी काम करू देत, म्हणजे वीज अंगात साठणारच नाही.

आणि आता विषय निघालाच आहे तर ऐक. पाणी लावण्याआधी व्हॅक्यूम नीट मारता की नाही? धूळ राहिली आणि वर शॅम्पू पडला की चिखल होतो. व्हॅक्यूम सावकाश मारायचा. पुढे ढकलताना नुसते धागे उभे राहतात, धूळ निघते ती मागे ओढताना. आजकालच्या मुली पुढे ढकलत पळत सुटतात. भिंतीच्या कडा चोचीच्या नळीने घ्यायच्या. शॅम्पू बाटलीवर लिहिलाय त्याच्या निम्मा टाकायचा, नाहीतर चिकटा राहतो आणि आठवड्यात पुन्हा काळं पडतं. धुऊन झालं की पंखे लावून पूर्ण वाळवायचं. ओलं कार्पेट बंद एसीत ठेवलं तर कुबट वास सुटतो आणि लोक खोकायला लागतात.

तू भित्री नव्हतीस गं. आता होऊ नकोस.

सुमतीमावशी


मानपाडा
१४ जानेवारी, संक्रांत

मावशी, तिळगूळ घे. पाकिटात हलव्याचे चार दाणे टाकलेत, पिठूळ होऊन पोचले तर रागावू नकोस.

तुझं पत्र कालच मिळालं आणि आज जेवणाच्या सुट्टीत मी सगळ्यांना वाचून दाखवलं. साहेबांच्या कपाटाशी आल्यावर करिश्मा इतकी हसली की तिला ठसका लागला. म्हणाली, "तुमच्या मावशीला एकदा बघायला पाहिजे." लिंबू तिनेच उचललं आणि कापून वरणावर पिळलं. बाकीच्या ओरडल्या, ती म्हणाली, "स्थिर लिंबू आहे, काही होत नाही."

परवाच्या रविवारीपण झिणझिण्या आलेल्या, जरा जास्तच. पण तेव्हा तुझं पत्र यायचं होतं. आता येत्या रविवारी सगळ्या अनवाणी. मी बऱ्याच दिवसांनी नीट झोपले.

एक गोष्ट तुला लिहायची राहिली होती, पण ती काही एवढी महत्त्वाची नाही. भेटलो की बोलू.

तुझी,
संचिता


टिटवाळा
२१ जानेवारी

चि. संचिता,

हलवा चांगला पोचला. दोन दाणे मी खाल्ले, दोन नातवाने पळवले.

तुमचा रविवार कसा झाला ते कळव. आणि हो, चहाच्या डागाचं सांगायचं राहिलं. घासायचं नाही. पांढरं फडकं ओलं करून दाबायचं, बाहेरून आत येत. घासलं की डाग पसरतो आणि धागे तुटतात. तुझ्या करिश्माला सांग, मावशीने खास तिच्यासाठी लिहिलंय.

सुमतीमावशी


मानपाडा
२४ जानेवारी

मावशी,

तुझं चहाच्या डागाचं पत्र आज मिळालं. ते करिश्माला सांगायला ती कामावर नाहीये.

रविवारी अकराच्या सुमाराला ती त्या दाराशीच बसली होती. अनवाणी. गुडघ्यापर्यंत सलवार भिजलेली. डाग घासून झाल्यावर उठायचं म्हणून तिने उजवा हात टेकला, तो नेमका पट्टीवर.

ती ओरडली नाही. लोक ओरडतात असं मला वाटायचं. तिच्या तोंडातून नुसता हं हं हं असा आवाज येत होता, दात आवळलेले, आणि हात पट्टीला चिकटून बसलेला. सगळं अंग ताठ. डोळे उघडे. मशीनच्या आवाजात बाकीच्यांना काही कळलंच नाही. मी दोन पावलांवर होते.

मी उभी राहिले, मावशी. नुसती बघत उभी राहिले. डोक्यात एकच होतं, हात लावला तर मीपण जाईन, माझा मुलगा घरी वाट बघेल आणि मी नसेन. पाचपर्यंत मोजता येईल एवढा वेळ असेल. जास्तही असेल. मग बाजूला ती पिवळी प्लास्टिकची पाटी होती ना, ओली फरशी म्हणून ठेवतो ती, ती उचलली आणि तिच्या दंडावर मारली, दोनदा. ती बाजूला पडली. पडल्यावर श्वास घेत नव्हती. मग तिने घेतला.

ती वाचली. दोन दिवस छातीला वायरी लावून ठेवलं होतं. उजवा तळवा जळलाय, दोन बोटं हलत नाहीत. डॉक्टर म्हणाले, हा करंटचाच मार आहे.

आता पुढचं लिहिताना मला लाज वाटते.

आमच्या कॉन्ट्रॅक्टरचे मॅनेजर आहेत, ऋतुराजसर. माझ्याहून वयाने लहान, गोड बोलतात. ते हॉस्पिटलच्या पॅसेजमध्ये टाइप केलेला कागद घेऊन आले. त्यात लिहिलेलं, करिश्माला काम करताना अचानक फिट आली, ती पडली, शॅम्पूच्या केमिकलने हात भाजला. मी म्हटलं, "सर, असं नाही झालं. डॉक्टरपण करंट म्हणतायत."

ते म्हणाले, "डॉक्टरांचं डॉक्टर लिहितील, आपण आपलं लिहू. ताई, मी तुमच्यासाठीच सांगतोय. चौकशी झाली तर पहिला प्रश्न काय विचारतील? ओल्या कार्पेटवर बायकांना अनवाणी बसवलं कोणी?"

मी सही केली.

त्या दिवसापासून मोबाइल वाजला की सरांचाच असेल असं वाटतं, म्हणून बंदच ठेवते. घरी सांगितलंय, बिघडलाय. मजला या आठवड्यात बंद आहे, पण ३ फेब्रुवारीला परदेशातले कोणी मोठे लोक येणार आहेत. त्यामुळे २ तारखेच्या रविवारी सगळं कार्पेट पुन्हा धुवायचं आहे. सर म्हणतात, लाइटचं सगळं चेक झालंय. कोणी चेक केलं ते सांगत नाहीत. करिश्माच्या जागी नवीन बाई येणार आहे.

मला घरातला फ्रिज उघडायलापण भीती वाटते.

संचिता


टिटवाळा
२८ जानेवारी, मंगळवार

संचिता,

पत्र आत्ता मिळालं. लगेच लिहायला बसले आहे.

तुझं पहिलं पत्र मी पेटीतून काढून पुन्हा वाचलं. तू 'धुताना' असं लिहिलं होतंस. धुताना पायाला झिणझिण्या येतात. स्थिर वीज कोरड्यात असते. ओल्यात ती नसतेच, हे मला माहीत आहे, मी दहा जणींना शिकवलं आहे. तो शब्द माझ्या डोळ्यांसमोर होता आणि मी तो वाचला नाही, कारण मला तुला हसायचं होतं, साहेबांची गोष्ट सांगायची होती, म्हातारीला अजून सगळं समजतं हे दाखवायचं होतं. अनवाणी काम करायला सांगणारी मी. तुझ्या साहेबाला उत्तर द्यायचं असेल तर माझं नाव दे, पत्र दाखव. मी नाकारणार नाही.

तू पाच मोजेपर्यंत उभी राहिलीस ते बरं झालं. हात लावला असतास तर दोघी गेला असतात. हे मी तुझं मन राखायला लिहीत नाही.

आता नीट वाच. २ तारखेला त्या मजल्यावर पाण्याचा एक थेंब पडता कामा नये. त्या पट्टीखालून नाहीतर जवळून वायर गेली आहे आणि पट्टीत वीज उतरली आहे. कार्पेट कोरडं असताना बुटांतल्या लोकांना ती कळत नाही. पाणी पडलं की ती सगळीकडे पसरते. मजल्याची मेन लाइन बंद करून पट्टी उखडून बघितल्याशिवाय तिथे कोणीही काम करायचं नाही. तुझ्या समोर टेस्टर लावायला सांग. कोणी 'चेक केलंय' म्हटलं तर विश्वास ठेवू नकोस.

एक मात्र मला कळत नाही. हल्ली असल्या बिल्डिंगमध्ये वीज गळायला लागली की आपोआप बंद करणारं बटण असतं. ते पडलं कसं नाही? तू कुठली तरी गोष्ट लिहायची ठेवली होतीस. ती हीच का?

सुनेला चार वेळा फोन लावायला लावला. तुझा बंद आहे. मुलगा ट्रेनिंगला नाशिकला गेलाय. पत्र पोचताच कोणाच्याही फोनवरून निरोप दे.

मावशी


टिटवाळा
२ फेब्रुवारी, रविवार, दुपार

संचिता,

निरोप आला नाही. माझं पत्र पोचलं की नाही मला माहीत नाही. सकाळी ठाण्याला यायला म्हणून निघाले, स्टेशनच्या जिन्यावर चक्कर आली, एका माणसाने रिक्षात बसवून परत पाठवलं. सुनेला सगळं सांगावं लागलं. ती सारखी फोन लावते आहे.

आता दीड वाजला आहे. तुम्ही नऊला सुरू करता. तू लिहिलेला तो हं हं आवाज आज मला या बहिऱ्या कानांनी ऐकू येतोय.

हे पत्र का लिहिते आहे ठाऊक नाही. हात रिकामे ठेवले तर मी सारखी फोनजवळ जाऊन उभी राहते.

मावशी


मानपाडा
४ फेब्रुवारी, मंगळवार

मावशी,

मी आहे. सगळ्या आहोत. काल संध्याकाळी फोन चालू केला आणि तुझ्या सुनेचे सव्वीस मिस्ड कॉल दिसले. तिला निरोप दिला, पण खरं काय झालं ते तुला लिहूनच सांगते.

तुझं २८ तारखेचं पत्र काल, सोमवारी आलं. रविवारी ते माझ्याकडे नव्हतं.

रविवारी मी नऊला पोचले तेव्हा ठरवलेलं काहीच नव्हतं. बायका कपडे बदलत होत्या. नवीन बाई आलेली, अक्षदा नाव, कडेवरचं मूल शेजारणीकडे ठेवून आलेली. तिने मला विचारलं, "ताई, चपला काढायच्या का?" मी मशीनची वायर गुंडाळून हातात घेतली आणि त्या दाराजवळ खुर्ची टाकून बसले. म्हटलं, शिवरामने माझ्यासमोर या पट्टीला टेस्टर लावल्याशिवाय मशीन चालू होणार नाही.

ऋतुराजसर आले. आधी गोड, मग मोठ्याने. "चेक झालंय म्हणून सांगितलं ना? उद्या क्लायंट येतोय. तुम्ही सही केलेला कागद माझ्याकडे आहे, विसरू नका."

मावशी, मी धीट झाले नव्हते. मला भीतीच वाटत होती. पण तोंडातून निघालं, "सर, चेक झालंय ना? मग बूट काढा."

"काय?"

"बूट काढा, मोजे काढा. मी इथे बादलीभर पाणी ओतते. तुम्ही त्यात उभे राहा आणि पट्टीवर हात ठेवा. मग आम्ही काम चालू करतो."

ते हसले. कोणी हसलं नाही. चारही बायका त्यांच्या पायांकडे बघत होत्या. शिवराम लिफ्टपाशी उभा होता, तोसुद्धा. सर खरंच वाकले. डाव्या बुटाची लेस त्यांनी सोडली. सोडली आणि तसेच वाकून राहिले. वर बघेनात. एसी चालू होता आणि त्यांच्या कपाळावर घाम. मग त्यांनी लेस पुन्हा बांधली, सावकाश, दोन गाठी मारून.

खरंच मोजे काढले असते तर मी काय केलं असतं, हे मला अजून कळत नाही. पाणी ओतलं नसतं. असं वाटतं.

शिवराम चालत आला. सरांकडे न बघता त्याने एक बल्ब आणला, दोन वायरींचा. एक टोक अर्थिंगला लावलं, दुसरं पट्टीवर टेकवलं. कार्पेट पूर्ण कोरडं होतं, मावशी. बल्ब लागला. घरात लावतो तसा लख्ख. अक्षदा मटकन खाली बसली आणि लगेच घाबरून उठली.

मेन बंद करून त्याने पट्टी उखडली. ती बसवताना कोणीतरी लांब स्क्रू मारलेला, तो खालच्या वायरीत घुसलेला. आणि मग शिवराम सगळ्यांसमोर म्हणाला, "करंट तोडायचं बटण मीच डायरेक्ट केलंय. दर रविवारी पडायचं, चालू ठेवलेले कॉम्प्युटर बंद व्हायचे. वरून सांगितलं, मी बायपास केलं."

आता ती गोष्ट. तू बरोबर ओळखलंस.

वरून सांगितलं हे खरं आहे. पण त्याआधी मी सांगितलं होतं. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये धुताना दर अर्ध्या तासाने लाइट जायची, मशीन बंद पडायचं, चारचे सहा वाजायचे, बायका कुरकुर करायच्या. मी शिवरामकडे जाऊन भांडले. म्हटलं, "तुमचं ते बटण सारखं पडतं, काहीतरी कायमचं करा." त्याने कायमचं केलं. त्यानंतरच्या रविवारपासून झिणझिण्या सुरू झाल्या. मला दोन्हींचा संबंध तेव्हा कळला नव्हता असं मी स्वतःला सांगत होते. तुला पहिलं पत्र लिहिताना मात्र मी ती ओळ लिहिली आणि खोडली. पूर्ण कागद बदलला. म्हणून तुला स्थिर वीज वाटली. दोष तू एकटीने घेऊ नकोस.

सोमवारी मी कामगार कार्यालयात जाऊन नवीन जबाब लिहून दिला. फिट खोटी, सही दबावाखाली, पट्टी, स्क्रू, बल्ब, सगळं. आणि बटणाचंसुद्धा, माझ्या नावासकट. तिथले साहेब म्हणाले, "हे शेवटचं तुम्ही लिहिलं नाहीत तरी चालेल." मी म्हटलं, नाही चालणार.

कंपनीने मला घरी बसवलंय. पुढच्या महिन्यात सुनावणी आहे. मजल्याची लाइट तोडलीये, परदेशी लोक दुसऱ्याच बिल्डिंगमध्ये बसले म्हणे.

करिश्माकडे अजून गेलेले नाही. कामगार कार्यालयात जाता आलं, मोहन्याला जाता येत नाहीये.

संचिता


टिटवाळा
८ फेब्रुवारी

संचिता,

मला आता बरं आहे.

पुढच्या रविवारी, १६ तारखेला, मी मोहन्याला येते. मुलगा घेऊन येईल. तू कल्याण स्टेशनबाहेर अकरा वाजता उभी राहा. एकटीने जायला भीती वाटते ना? मलाही वाटते. म्हणून दोघी जाऊ.

कारणं मनात जुळवून ठेवू नकोस. मी तीन दिवस जुळवत होते, एकही नीट बसत नाही.

मावशी


मानपाडा
१७ फेब्रुवारी

मावशी,

काल परतताना रिक्षात तू विचारलंस, "मी आत करिश्माच्या आईशी बोलत होते तेव्हा ती बाहेर तुला काय म्हणाली?" मी हातानेच खूण केली, काही नाही, सगळं ठीक. ते खरं नव्हतं. तुझा मुलगा समोर होता, आणि मला रडायला आलं असतं.

तू आत गेल्यावर आम्ही दोघी पायरीवर बसलो. तिचा हात पांढऱ्या पट्टीत, मांडीवर ठेवलेला, दुसऱ्या कोणाचा असल्यासारखा. मी बटणाचं सांगितलं. सगळं, भांडायला गेले तिथपासून. समोर एक बाई दोरीवर चादर टाकत होती, करिश्मा तिच्याकडे बघत राहिली.

मग म्हणाली, "ताई, मला दिसत होतं."

मला कळलं नाही.

"मी चिकटलेली ना, तेव्हा मला सगळं दिसत होतं. तुम्ही समोर उभ्या होतात. मला वाटत होतं, आता येतील, आता येतील. बोलता येत नव्हतं. तुमचे डोळे दिसत होते."

मी म्हटलं, मी घाबरले होते.

"माहितीये," ती म्हणाली. "मला रोज तेच स्वप्न पडतं. करंटचं नाही पडत. तुम्ही उभ्या आहात त्याचं पडतं."

मावशी, मी माफी मागितली नाही. तिने सुनावणीला येणार म्हणून सांगितलं. म्हणाली, फिट आली नव्हती हे मीच सांगणार, माझ्या लग्नाच्या वेळी तो कागद कोणी बाहेर काढायला नको. आणि म्हणाली, "तुमच्या मावशींना स्वप्नाचं सांगू नका, त्या आधीच रडतायत." पण तुला खरं न लिहिण्याचा परिणाम मी बघितलाय. म्हणून लिहिते.

मग आतून तुझा मोठ्याने बोलण्याचा आवाज आला, निघायची वेळ झाली. मी उठले. ती तशीच बसून राहिली आणि पट्टीतला हात माझ्यापुढे केला.

मला तो धरवेना. दुखेल म्हणून, असं मी म्हटलं.

ती माझ्याकडे बघत म्हणाली, "धरा ना ताई. आता करंट नाहीये."

मी तिचा हात धरला. तू बाहेर येईपर्यंत धरून उभी होते.

तुझी,
संचिता